नोकरी देणाऱ्यांच्या पैशावर चालणारं मासिक

आपल्याकडच्या जुन्या मासिकांचे मार्चचे अंक चाळले की कुठेतरी मागच्या पानावर बारीक टायपात एक चौकट सापडते : ‘फॉर्म 4, नियम 8’. प्रकाशनस्थळ, मुद्रक, प्रकाशक, संपादक, आणि एक टक्क्याहून जास्त भांडवल असलेल्या मालकांची नावं. वाचक ती ओलांडून पुढे जातो. अमेरिकेत हेच काम ऑक्टोबरात होतं. नियतकालिकांच्या सवलतीच्या दराने टपाल पाठवायचं असेल, तर 1 ऑक्टोबरपर्यंत टपाल खात्याकडे 3526 क्रमांकाचा फॉर्म भरायचा आणि तो अंकात छापायचा. त्यात प्रकाशक, संपादक आणि व्यवस्थापकीय संपादक यांची नावं असतात. एक टक्का किंवा जास्त हिस्सा असलेले मालक असतात, कर्जरोखेधारक असतात. शिवाय गेल्या बारा महिन्यांत सरासरी किती प्रती छापल्या, किती विकत किंवा मागणीवरून गेल्या आणि किती फुकट किंवा न मागता वाटल्या, हेही द्यावं लागतं. नियतकालिक कोण चालवतं हे समजून घ्यायला संपादकांच्या हसऱ्या फोटोपेक्षा ही चौकट कामाची, कारण मालक आणि प्रती दोन्ही एकाच पानावर भेटतात.

‘यूएस ब्लॅक इंजिनिअर अँड इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी’ हे बाल्टिमोरचं नियतकालिक या नजरेने वाचण्यासारखं आहे. 1980च्या दशकाच्या मध्यावर टायरोन टॅबोर्न यांनी करिअर कम्युनिकेशन्स ग्रुप ही कंपनी काढली आणि कृष्णवर्णीय अभियंत्यांसाठी अंक सुरू केला. हिस्पॅनिक अभियंत्यांसाठी, तंत्रज्ञानातल्या बिगरगोऱ्या स्त्रियांसाठी, अशी भावंडंही पुढे त्याच छत्राखाली आली. 1987पासून ‘ब्लॅक इंजिनिअर ऑफ द इयर’ पुरस्कार सुरू झाले. सोहळा फेब्रुवारीत होतो, त्यामागे हिशेब आहे. अमेरिकेतला अभियंता सप्ताह 1951पासून वॉशिंग्टनच्या वाढदिवसाच्या, म्हणजे 22 फेब्रुवारीच्या आसपास साजरा होतो आणि कृष्णवर्णीय इतिहासाचा महिनाही फेब्रुवारीच. कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागांकडे या दोन्ही गोष्टींसाठी खर्चाची तरतूद असते. परिषद, पुरस्कार, नोकरीमेळावा आणि वर्षातला सर्वांत जाड अंक एकाच महिन्यात आले की त्या तरतुदीचा बराचसा वाटा एकाच घरी येतो.

अशा नियतकालिकाच्या नेतृत्वात साधारण सहा-सात खुर्च्या असतात : प्रकाशक, कामकाज आणि हिशेब सांभाळणारा अध्यक्ष, संपादक, कलादिग्दर्शक, जाहिरात आणि प्रायोजकत्वाचा प्रमुख, परिषदेचा प्रमुख, वितरण सांभाळणारा. सामान्य व्यापारी मासिकात संपादक आणि जाहिरात विभाग यांच्यामध्ये भिंत असावी, एवढं एकच पथ्य सांगितलं जातं. इथे ते पुरत नाही. एकच संरक्षण कंपनी चार दारांनी आत येते. ती जाहिरात देते, तिचाच अभियंता पुरस्कारासाठी नामांकित असतो, त्याच्यावरच्या लेखाची माहिती तिचाच जनसंपर्क विभाग देतो, आणि आपल्या पाहुण्यांना बसवायला सोहळ्यातलं मेजही तीच विकत घेते. वर वाचक तिचाच नोकर किंवा उद्याचा उमेदवार. चार दारांवर चार वेगळी माणसं हवीत आणि त्यांनी एकमेकांशी काय बोलायचं नाही हे आधी ठरलेलं हवं. छोट्या कंपनीत ते जमत नाही, कारण माणसंच चार असतात आणि त्यातली दोन सोहळ्याच्या धावपळीत.

म्हणून खरी शिस्त तारखांची. विजेत्यांची यादी आधी बंद व्हायला हवी, मेजांची विक्री नंतर उघडायला हवी. क्रम उलटला की जाहिरातप्रमुखाला ठाऊक असतं की अमुक कंपनीने दहा मेजं घेतली आहेत, परीक्षकांपुढे तिची पाच नामांकनं आहेत, आणि अशा वेळी कुणी काही बोलायचीही गरज उरत नाही. ‘त्यांची एखादी नोंद आहे ना?’ एवढा प्रश्न पुरतो. काटेकोर प्रकाशक यादी सीलबंद करून तिसऱ्याच माणसाकडे ठेवतो. ढिला प्रकाशक ती स्वतःच्या टेबलावर ठेवतो, आणि विक्रीवाल्यांना त्या टेबलाजवळून रोज जावंच लागतं.

नामांकनाचा दुसरा दोष याहून चिवट आहे. मोठ्या कंपन्यांकडे नामांकन लिहिणारी माणसं पगारावर असतात. पालिकेच्या पाणीपुरवठ्यात वीस वर्षं काढलेल्या अभियंत्याकडे नसतात. परीक्षक कामाला गुण देतोय असं समजतो आणि प्रत्यक्षात गद्याला देत असतो. उपाय कंटाळवाणे आहेत, पण चालतात : पानांची मर्यादा, शिफारसपत्रं मोजकीच, पेटंटचे क्रमांक आणि शोधनिबंध वेगळ्या रकान्यात, आणि एक सक्तीचा प्रश्न, ‘ही व्यक्ती नसती तर नेमकं काय झालं नसतं?’ ‘आमच्या टीमने’ अशी सुरुवात करणारी उत्तरं इथे गळतात. चर्चेआधीच प्रत्येक परीक्षकाने गुण लिहून द्यायचे, नाहीतर खोलीतल्या सर्वांत वजनदार आवाजाचं मत सगळ्यांचं होतं. आपल्या कंपनीचा किंवा आपल्या कॉलेजचा उमेदवार आला की बाहेर जायचं.

पेटंटच्या रकान्याचं महत्त्व मार्क डीन यांच्या उदाहरणाने कळतं. 1981च्या आयबीएम पीसीच्या मूळ नऊ पेटंटांपैकी तीन त्यांच्या नावावर आहेत. डेनिस मोलर यांच्यासोबत त्यांनी पीसीला बाहेरची उपकरणं जोडता येतील अशी बस रचना केली. 1995 साली ते आयबीएमचे पहिले कृष्णवर्णीय फेलो (कंपनीतला तंत्रज्ञांसाठीचा सर्वोच्च मान) झाले आणि 1999 साली ऑस्टिनमधल्या त्यांच्या चमूने एक गिगाहर्ट्‌झची चिप बनवली. 1997 साली त्यांना या पुरस्कारांतला अध्यक्षीय सन्मान मिळाला. यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट सार्वजनिक नोंदीत सापडते, कंपनीच्या माहितीपत्रकावर विसंबावं लागत नाही. दोन दशकं गोपनीय रडारवर काम करणाऱ्याचं तसं नसतं.

तिथे संपादकाची खरी परीक्षा. संरक्षण कंपनीतल्या अभियंत्यावरचा लेख छपाईला जाण्यापूर्वी तिचा संपर्क विभाग वाचतो, निर्यात नियंत्रण पाहणारे वाचतात, काही वेळा ज्या सरकारी खात्याचं कंत्राट आहे तेही वाचतं. या फेऱ्यांचे दिवस वेळापत्रकात धरलेच नाहीत तर लेख प्रेसच्या तारखेला अडकतो. परत येतो तेव्हा आकडे गेलेले असतात, यंत्रणेचं नाव गेलेलं असतं आणि ‘महत्त्वाच्या प्रकल्पात मोलाचं योगदान’ असं काहीतरी मागे उरतं. असे दहा लेख ओळीने छापले की अंक नोकरीच्या माहितीपत्रकासारखा दिसायला लागतो. अनुभवी संपादक म्हणून मुलाखतीतच वेगळीकडे वळतो : कुठल्या शाळेत, कुठल्या विषयात नापास झालात, पहिली नोकरी कुणी नाकारली, हाताखालच्या माणसाची चूक वरच्यांना कशी सांगितली, कुठल्या पाठ्यपुस्तकाने फसवलं. यावर कात्री चालवण्याचं कारण कुणाकडे नसतं. आणि विशी-बाविशीतल्या वाचकाला रडारच्या पल्ल्यापेक्षा हेच हवं असतं.

छोट्या चुका मात्र इथे महागात पडतात. फोटोत गळ्यातलं ओळखपत्र दिसलं की फोटो बाद. मागच्या पडद्यावर काही उघडं राहिलं असेल तर तोही बाद. नामांकन आणि छपाई यांच्यामध्ये बढती झाली की पद चुकतं, आणि ‘सीनिअर मॅनेजर’ छापलेल्या संचालकाचा फोन संपादकाला नाही, थेट प्रकाशकाला जातो. लष्करी अधिकाऱ्याचा हुद्दा तर प्रेसला जाण्याच्या दिवशी पुन्हा तपासायचा. पीएच.डी. असेल तर ती नावापुढे लावायचीच. एरवी अमेरिकन मासिकं याबाबत ढिली असतात, पण जिथे ती पदवी मिळवायला दोन पिढ्या लागल्या तिथे ढिलाई चालत नाही.

कलादिग्दर्शकाचं काम इथे नेहमीच्या मासिकापेक्षा अवघड आहे, आणि अंकाच्या श्रेयनामावलीत त्याला मिळतं त्याहून जास्त मान त्याला द्यायला हवा. रंगीत फिल्मच्या काळात कोडॅकच्या प्रयोगशाळा छपाईचा रंग ज्या नमुना-फोटोवरून जुळवत, त्यावर वर्षानुवर्षं गोरी स्त्री होती. गडद रंगांचे बारकावे पकडण्याकडे कंपनीने लक्ष दिलं ते चॉकलेट आणि लाकडी फर्निचर बनवणाऱ्यांच्या तक्रारींमुळे, असं अभ्यासकांनी नोंदवलं आहे. माणसांच्या तक्रारीपेक्षा कपाटांची तक्रार आधी ऐकू गेली! डिजिटल कॅमेऱ्याने ती अडचण कमी केली, पण ऑफसेट छपाईची अडचण उरलीच.

ती अशी. छापलेला फोटो शाईच्या बारीक ठिपक्यांचा बनलेला असतो आणि कागदावर हा ठिपका पसरतो. अमेरिकन वेब ऑफसेटच्या जुन्या मानकात 50 टक्क्यांचा, म्हणजे निम्मी जागा व्यापणारा, ठिपका छापून 70च्या आसपास दिसतो असं धरतात. गोऱ्या चेहऱ्याला हे पचतं. गडद चेहऱ्याचे सगळे महत्त्वाचे तपशील, गालाचं हाड, डोळ्याखालची सावली, ओठांची कड, याच मधल्या पट्ट्यात असतात आणि ते एकमेकांत बुडतात. वर निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चार शाया, प्रत्येकी 100 टक्के धरल्या तरी मिळून एकूण 300 टक्क्यांची मर्यादा. त्यापुढे शाई वाळत नाही, मागच्या पानाला लागते. शाई वाचवायला सॉफ्टवेअर रंगीत शायांच्या जागी काळी शाई टाकतं. पैसे वाचतात, पण त्वचा राखाडी होते, माणूस आजारी दिसतो. म्हणून चेहऱ्याच्या मधल्या छटा छपाईआधीच थोड्या उजळ करायच्या, काळी शाई फक्त खोल सावल्यांपुरती ठेवायची, निळसर शाई जास्त होत नाही ना हे आकड्यांनी बघायचं, पिवळी आणि किरमिजी तिच्या वर राहायला हवी. फोटो काढतानाच बाजूने मोठा, मऊ प्रकाश आणि मागे गडद निळ्या पडद्याऐवजी मध्यम छटेचा पडदा घेतला तर निम्मं काम तिथेच होतं. आणि एकाच पानावर गोरा मुख्याधिकारी आणि कृष्णवर्णीय अभियंता हस्तांदोलन करत असतील तर दोन चेहऱ्यांसाठी दुरुस्ती वेगवेगळी करावी लागते. सोहळ्याचे शंभर फोटो एका रात्रीत दुरुस्त करायला लावणारा प्रकाशक ही गोष्ट सहसा विसरतो.

पानांचं गणित कुठल्याही मासिकासारखंच. फॉर्मा, म्हणजे एकत्र छापून दुमडलेला पानांचा गठ्ठा, सोळा पानांचा, निकड असेल तर आठाचा. शेवटच्या क्षणी पूर्ण पानाची जाहिरात गेली तर एक पान कापता येत नाही, तिथे आपल्याच परिषदेची जाहिरात टाकायची. फेब्रुवारीचा अंक फुगतो आणि नंतरचा बारीक होतो. पगार मात्र बारा महिने सारखे असतात. सोहळ्याचे पैसे वर्षभर पुरवणं हे हिशेब पाहणाऱ्या अध्यक्षाचं काम.

टपाल खात्याची अटही या गणितात असते. मागणीवरून फुकट पाठवलेल्या अंकाला सवलतीचा दर हवा असेल तर अंक वर्षातून किमान चारदा निघायला हवा, दर अंक किमान 24 पानांचा, जाहिराती 75 टक्क्यांच्या वर नकोत, आणि किमान निम्म्या प्रती अशा लोकांकडे जायला हव्यात ज्यांनी त्या लेखी किंवा तशाच नोंदलेल्या रीतीने मागितल्या आहेत. मागणी तीन वर्षांहून जुनी झाली की धरत नाहीत. अभियांत्रिकीचा विद्यार्थी चार वर्षांत वसतिगृह तीनदा बदलतो, मग नोकरीच्या गावी जातो. त्याचा पत्ता जिवंत ठेवणं हे वितरणप्रमुखाचं काम, आणि माझ्या मते ही या घरातली सर्वांत कमी लेखली जाणारी खुर्ची आहे. जाहिरातदाराला अंक विकत घ्यायचा नसतो. कुठल्या विषयाचे, कितव्या वर्षाचे, कुठल्या विद्यापीठाचे किती कृष्णवर्णीय विद्यार्थी ही पानं उघडतात, ते त्याला विकत घ्यायचं असतं.

विद्यापीठांशी नातं हे या नियतकालिकाने फार हुशारीने बांधलं आहे. ऐतिहासिकदृष्ट्या कृष्णवर्णीय (मुळात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी निघालेल्या) महाविद्यालयांमधल्या अभियांत्रिकी शाखांचे अधिष्ठाते, म्हणजे हॉवर्ड, मॉर्गन स्टेट, टस्कीगी, नॉर्थ कॅरोलायना ए अँड टी यांच्यासारख्या संस्थांचे डीन, पुरस्कारांमध्ये भागीदार आहेत. दरवर्षी त्यांनाच विचारून ‘आमच्या कॉलेजांना सर्वांत जास्त मदत करणाऱ्या कंपन्या’ अशी यादी छापली जाते. ही रचना नीट पाहा. यादीत यायला कंपनीला जाहिरात विभागाशी बोलून उपयोग नाही. शिष्यवृत्त्या, संशोधनाचा निधी, प्रयोगशाळा आणि प्रत्यक्ष भरती यांवर डीन मत देतात. जाहिरातदाराचा मोह कामाला लावलाय, पण मतपेटी त्याच्या हाताबाहेर. अर्थात डीनही त्याच कंपन्यांकडून देणग्या घेतात, तेव्हा निर्दोष नाहीच. तरीही संपादकाने स्वतःच्या टेबलावर बनवलेल्या यादीपेक्षा शतपट बरी.

यादीची ताकद या परंपरेत आधीपासून ठाऊक होती. रॉबर्ट केनेडींच्या कार्यालयात काम केलेल्या अर्ल ग्रेव्ह्‌ज यांनी 1970 साली न्यूयॉर्कहून ‘ब्लॅक एंटरप्राइज’ काढलं. दहाव्या अंकापर्यंत ते नफ्यात आलं. 1973 साली त्यांनी कृष्णवर्णीयांच्या मालकीच्या शंभर मोठ्या कंपन्यांची यादी छापली आणि पुढे मासिकाची ओळखच त्या यादीवर उभी राहिली. त्याआधीचे शिकागोचे प्रकाशक जॉन जॉन्सन. 1942 साली आईचं फर्निचर तारण ठेवून काढलेल्या 500 डॉलरांवर त्यांनी सुरुवात केली, 1945 साली कृष्णवर्णीय वाचकांसाठी ‘एबनी’ मासिक काढलं, खप भराभर वाढला आणि मोठे जाहिरातदार मात्र फिरकेनात. 1947 साली त्यांनी झेनिथ या रेडिओ कंपनीचे प्रमुख युजीन मॅक्डॉनल्ड यांना गाठलं. मॅक्डॉनल्ड ध्रुवप्रदेशात जाऊन आलेले. जॉन्सननी पिअरींसोबत उत्तर ध्रुवाच्या मोहिमेत गेलेले कृष्णवर्णीय प्रवासी मॅथ्यू हेन्सन यांना शोधून काढलं, त्यांच्या सहीचं पुस्तक भेट नेलं आणि अंकात हेन्सन यांच्यावर लेखही तयार ठेवला. झेनिथची जाहिरात आली, शिवाय मॅक्डॉनल्ड यांनी आणखी कंपन्यांना फोन केले. प्रकाशकाचं काम किती वैयक्तिक असतं ते यात दिसतं, आणि धोकाही तिथेच आहे. प्रायोजक कंपनीशी नव्हे, माणसाशी बांधले जातात. ग्रेव्ह्‌ज यांनी 2006 साली सूत्रं मुलाकडे दिली आणि ते घर टिकलं. जॉन्सन यांच्या मुलीकडे आलेली कंपनी 2016 साली ‘एबनी’ विकून बसली, 2019 साली दिवाळखोरीत गेली, आणि तिचा छायाचित्रसंग्रह तीन कोटी डॉलरांना काही प्रतिष्ठानांनी मिळून घेतला. पाऊणशे वर्षांच्या कंपनीची सर्वांत किमती मालमत्ता शेवटी जुन्या फोटोंची पेटी निघाली.

जाहिरात न मिळणं आपल्याला नवं नाही. 1920 साली ‘मूकनायक’ची जाहिरात ‘केसरी’ने पैसे देऊनही छापली नव्हती, पत्र उभं राहिलं ते शाहू महाराजांच्या अडीच हजार रुपयांच्या मदतीवर. पुढे दलित-आदिवासींच्या प्रश्नांवरच्या 2002च्या भोपाळ दस्तऐवजात अमेरिकन कंपन्यांच्या पुरवठादार-विविधतेचा, म्हणजे वंचित समाजांतल्या उद्योजकांकडूनही माल घेण्याचा, दाखला घेतला गेला. 2005 साली पुण्यात मिलिंद कांबळे यांनी दलित उद्योजकांचा डिक्की हा चेंबर स्थापला, आणि 2012च्या केंद्र सरकारच्या खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योगांसाठी चार टक्के खरेदी राखली गेली. या धोरणामागे सरकारी आदेश आहे, तसाच बाल्टिमोरच्या मासिकामागेही एक होता.

24 सप्टेंबर 1965 रोजी अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी सही केलेला 11246 क्रमांकाचा अध्यक्षीय आदेश. त्यानुसार सरकारी कंत्राटदारांना भेदभावाला बंदी झालीच. शिवाय पन्नास किंवा जास्त कर्मचारी आणि 50 हजार डॉलरांचं किंवा त्याहून मोठं कंत्राट असलेल्या कंपनीला दरवर्षी लेखी कृती-आराखडा ठेवावा लागे. आम्ही कृष्णवर्णीय उमेदवारांपर्यंत पोचायचा प्रयत्न केला याचा कागद तपासनिसाला दाखवायचा असेल, तर अशा मासिकातली जाहिरात आणि अशा मेळाव्यातला स्टॉल हा उत्तम पुरावा. या धंद्याचा पाया वाचकांच्या वर्गणीपेक्षा या फायलीवर जास्त उभा होता, असं म्हटलं तर अंकाचा अपमान होत नाही. फायलीमुळे पैसा आला आणि पैशातून हजारो मुलांना कळलं की त्यांच्यासारखा दिसणारा माणूस चिप बनवतो.

21 जानेवारी 2025 रोजी 14173 क्रमांकाच्या आदेशाने तो जुना आदेश रद्द झाला. फेब्रुवारीत बाल्टिमोरच्या परिषदेतून लष्कर आणि इतर सेनादलांनी भरतीचं काम मागे घेतलं. मेळाव्यात एका दिवसात जितके अभियांत्रिकीचे विद्यार्थी भेटतात तितके त्यांच्या भरती अधिकाऱ्यांना इतरत्र सहज भेटत नाहीत, हे त्यांनाही ठाऊक होतं.

आता नेतृत्वापुढचा पहिला प्रश्न जाहिरातींच्या मजकुराचा नाही, नामांकनांचा आहे. सरकारी नोकर आणि सैनिकी अधिकारी यांची नामांकनं वरिष्ठांच्या सहीने येतात. ती सही थांबली तर परीक्षकांपुढची थप्पी निम्म्या जगाची होते आणि उरलेल्या निम्म्यातही कंपन्यांचे वकील आधी वाचणार. म्हणून व्यक्तीला स्वतःचं नामांकन भरता येईल, सहकाऱ्याला भरता येईल, निवृत्त वरिष्ठाला भरता येईल असं दार उघडावं लागेल. त्याने अर्ज वाढतील, कच्चे वाढतील, छाननीला आणखी दोन माणसं लागतील आणि त्यांचा पगार ज्या प्रायोजकाने द्यायचा तोच सध्या मागे सरकलाय. दुसरा प्रश्न वितरणाचा. मेळाव्यात नाव नोंदवताना ज्यांनी अंक मागितला होता, त्यांच्या मागण्यांची तीन वर्षांची मुदत एकामागून एक संपत जाणार, आणि मेळाव्याची गर्दी घटली तर त्या जागी नव्या सह्या गोळा करायला विद्यापीठांच्या वसतिगृहांतच जावं लागणार.